खांबतोडे साहेब

विनाशिका जातीच्या युद्धनौकेचा कप्तान तसा मोठा खमक्या. तोफा असोत, वादळ असो, नाहीतर वरिष्ठांच्या शिव्या, कशालाही भीक घालायचा नाही. पण घरच्या गेटमधून गाडी मागे घ्यायची म्हटली की त्याची पाचावर धारण बसायची. गेल्या सुट्टीत पठ्ठ्यानं गेटचा एक खांबच आडवा केला. बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, आरशात काय बघत बसलाय? मान वळवा! जायचंय तिकडे बघा!" ही बातमी जहाजावर कुणी पोचवली देव जाणे, पण तेव्हापासून खलाशी पाठीमागे त्याला 'खांबतोडे साहेब' म्हणायला लागले.

आणि नेमकी त्याच माणसावर ही वेळ यावी!

त्या सकाळी शत्रूच्या पाणबुडीनं टॉर्पेडो सोडला तो शेजारच्या प्रवासी जहाजाच्या रोखानं. त्यावर बायकापोरं खच्चून भरलेली. कप्तानानं मागचापुढचा विचार न करता आपली विनाशिका मधे घातली. टॉर्पेडो तिच्या नाकाडावर फुटला आणि पुढचा भागच तुटून समुद्रात गेला. प्रवासी जहाज सहीसलामत निसटलं. सोबतची बाकीची जहाजं त्याला सांभाळत पुढे गेली.

मागे उरलं हे नाक तुटलेलं जहाज, आणि त्याच्या पोटात भाजलेले, हातपाय मोडलेले खलाशी. तळावरून हुकूम आला, जहाज सोडा, होड्यांत उतरा.

"या लाटांत जखमींना होडीत उतरवलं तर एकही जगायचा नाही," डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं.

"मग मी जहाज सोडत नाही," कप्तान म्हणाला. "ज्यांना उतरायचंय त्यांनी खुशाल उतरा."

कुणी जागचं हललं नाही.

म्हणायला काय जातंय! जहाज पुढे निघालं तशी तुटलेल्या जागेमागची पोलादी भिंत पाण्याच्या दाबानं आत फुगायला लागली. समुद्र आणि माणसं यांच्यामधे तेवढी एकच भिंत. चीफ इंजिनिअर धापा टाकत वर आला. "साहेब, असंच पुढे रेटलं तर ती फुटणार."

"मग उलटं जाऊ. पार बंदरापर्यंत."

चीफनं डोक्यावरची टोपी नीट केली. सुकाणूवाला उगाच छताकडे बघायला लागला.

"बोला की! मनात आहे ते बोलून टाका!" कप्तान खेकसला.

"काही नाही, साहेब," चीफ म्हणाला. "बंदराच्या तोंडाशी दोन बुरूज आहेत, तेवढे सांभाळा."

तशाही परिस्थितीत सगळे खो खो हसले. कप्तानही हसला, आणि त्यानं इंजिनं उलटी फिरवायचा हुकूम सोडला.

उलटं जाताना जहाज सुकाणूला जुमानेना. वळवावं एकीकडे, जावं भलतीकडे. एका लाटेनं ते असं कलंडलं की खालून जखमींच्या किंकाळ्या ऐकू आल्या. आणि कप्तानाला बायको आठवली. मान वळवा!

तो तडक जहाजाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. कानाला इंजिनरूमचा फोन, नजर जायचंय तिकडे. "डावं इंजिन हळू... उजवं वाढव... शाब्बास!" लाटा अंगावर घेत, चिंब भिजून, उपाशीतापाशी तो तिथेच उभा राहिला. हळूहळू जहाज त्याचं ऐकायला लागलं.

बंदराचे बुरूज दिसले तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखले. साधा ओरखडाही न उठता जहाज दोन्हींच्या मधून आत शिरलं.

धक्क्यावर बायको उभी होती. चीफ वरूनच ओरडला, "वहिनी, एकही खांब पाडला नाही हो!"

आधी जखमी उतरले. सगळेच्या सगळे जिवंत. मग कप्तान उतरला. तिनं त्याच्या ओल्या बाह्या गच्च धरल्या.

"तुम्ही उलटे येताय असं कळलं, तसा लगेच गवंडी बोलावला."

"पडलेला खांब बांधून घेतलास?"

"छे! उभा होता तोही काढून टाकला. सरळ या, उलटे या. पण येत जा हो!"

टॉर्पेडो अंगावर घेऊनही न डगमगलेला खांबतोडे साहेब सगळ्या खलाशांदेखत हमसून हमसून रडला.