काचेच्या नळीतली हेमा

हेमाच्या आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे झाले होते. "हे आजवर पुस्तकातच वाचलं होतं. अभिनंदन!" कोथरूडचे डॉक्टर कोरडेपणानं म्हणाले. पोट टम्म फुगायचं, रक्त पडायचं, वर्गात शिकवता शिकवता खडू टाकून पळावं लागायचं. शेवटी तिनं शाळा सोडली.

सर्जननी आतड्याचा तुकडा काढायला सांगितलं. हेमाचा नवरा श्यामराव हादरलेच. त्यांची आई अशाच ऑपरेशनमधून परत आली नव्हती. मग मुलानं, पुष्करनं, हिंजवडीच्या ऑफिसात बसून इंटरनेट धुंडाळलं. जास्त दाबाखाली प्राणवायू दिला तर हे बुडबुडे विरतात म्हणे. तसं यंत्र पुण्यातच एका खासगी दवाखान्यात निघालं.

यंत्र म्हणजे काचेची लांबलचक नळी. आत आडवं व्हायचं, दार बंद. अंगावर सुती झगा, केसांना तेल नाही, मंगळसूत्रही काढून ठेवायचं, ठिणगीची भीती. हेमा तर लिफ्टलाही घाबरायची, चौथा मजला जिन्यानं चढायची.

"अहो, ऑपरेशनच करू या ना."

"तास-दीड तासाचा तर प्रश्न आहे. मी बसतो ना इथं," श्यामराव म्हणाले.

ते रोज काचेजवळ स्टूल ओढून बसत. आतून हेमा हसून हात हलवायची. हळूहळू पोट उतरलं, बुडबुडे गेले. श्यामरावांनी सोसायटीत पेढे वाटले. "कापाकापी न करता बरी झाली," असं भेटेल त्याला सांगत सुटले.

दिवाळीनंतर पोट पुन्हा फुगलं. या वेळी बुडबुडे आधीपेक्षा जास्त. श्यामराव दवाखान्याला फोन लावायला उठले.

"त्या नळीत मी जाणार नाही," हेमा म्हणाली.

"अगं, मागे तर मजेत हसायचीस की!"

"तुम्ही समोर बसायचात म्हणून. मी रडले असते, तर तुम्ही दार उघडायला लावलं असतंत, आणि ऑपरेशनच्या धास्तीनं अंथरूण धरलं असतंत. आत माझा रोज जीव जायचा हो."

श्यामरावांनी रिसीव्हर खाली ठेवला.

ऑपरेशन झालं. हेमा वाचली, पण शौचासाठी पोटाला पिशवी लागली. कधी निघेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. ती बदलताना हेमा त्यांना खोलीबाहेर पाठवते. ते दाराशी उभे राहतात.

"दुखतंय का गं?"

"नाही हो."

तिच्या या "नाही"चा अर्थ काय धरायचा, ते त्यांना आता कळत नाही.