चुड्याखालचा खांदा

घरातल्या बाईचा हात दुखावला, तर त्या हाताचं काय करायचं हे कोण ठरवतं? प्रश्न साधा आहे. वाचकांनी तो आपापल्या घरात विचारून पाहावा, आणि मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत डोंगरकडा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यावर काय घडलं ते ऐकावं.

त्या तांड्यावरच्या पेमाची बायको रूपाबाई कडब्याच्या गंजीवर उभी राहून पेंढ्या खाली टाकत होती. गंज एका बाजूने खचली. पडताना तिने उजवा हात टेकला आणि सगळं अंग त्या हातावर आलं. उठली तेव्हा खांद्याची गोलाई गेली होती आणि बगलेच्या पुढे टेंगूळ आलं होतं. हात अंगाशी टेकेना.

पेमाने लगेच गाडी जुंपली आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीचा सरकारी दवाखाना गाठला, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. बरोबर त्याची आई जिवनबाई होती. डॉक्टरांनी हात चाचपला आणि खांदा निखळल्याचं सांगितलं. खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीत लिंबू ठेवावं तसं त्यात हाड बसलेलं असतं. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच हा सांधा इतर सांध्यांपेक्षा लवकर निसटतो. ताजा निखळलेला खांदा क्लोरोफॉर्म देऊन, हात हळूहळू ओढून जागेवर बसवता येतो. चाकू लागत नाही. फक्त दंडावरच्या बांगड्या काढाव्या लागणार होत्या. सूज चढत होती, आणि बगलेपर्यंत बांगड्या असल्यावर नीट हाड सापडेना की हात धरता येईना.

तांड्यातली लग्न झालेली बाई कोपरापासून वर खांद्यापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्यांचा चुडा घालते. तो लग्नात चढतो आणि नवरा गेल्यावरच उतरतो. रूपाबाईचा चुडा सुजलेल्या हातावरून निघण्यासारखा नव्हता. तो करवतीने कापावा लागणार होता.

जिवनबाई उठून उभी राहिली. "माझं पोरगं समोर जितं उभं हाय, अन् तुमी त्याच्या बायकोचा चुडा कापता?"

डॉक्टरांनी आधी समजावलं, मग चिडून बजावलं, की आज परत नेलीत तर काही आठवड्यांनी हा खांदा ओढून बसणार नाही. चाकूने उघडून बसवावा लागेल. पेमा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही. रूपाबाईला कोणी विचारलं नाही. गाडी परत फिरली.

तांड्यावर आल्यावर वात धरलाय असं ठरलं. एका जाणत्याने विळा तापवून टेंगळावर डाग दिले. निखळलेल्या हाडाला डाग देऊन काय होणार? चामडी जळते, हाड जिथल्या तिथे राहतं. दुखण्यात दुखणं वाढलं. सूज चुड्यात मावेना. बांगड्यांच्या कडा मांसात रुतल्या आणि खालून पाणी वाहू लागलं. निसटलेलं हाड बगलेतल्या नसांवर दाबत होतं, त्याने हळूहळू बोटं बधिर झाली. एकदा चुलीपाशी बसली असताना तिच्या बोटाला निखारा लागला, तो तिला कातडी जळल्याचा वास आल्यावर कळला.

तो वास भिकाबाईलाही आला. ही पेमाची विधवा काकी, शेजारच्याच खोपटात राहणारी. ती येऊन रूपाबाईचा हात मांडीवर घेऊन बसली, तशी जिवनबाईने तिला दूर सरकायला सांगितलं. विधवेचा हात सवाशिणीच्या चुड्याला लागायला नको होता.

"काहून?" भिकाबाई म्हणाली. "माझा चुडा काय मी हौसेनं काढला व्हता? तुझा दीर तापात गेला तवा खांद्यापस्तोर चुडा व्हता माझा. एक बांगडी कमी नव्हती. वाचला का तो?"

ज्याचं त्याचं नशीब, असं जिवनबाई पुटपुटली.

"नशीब असंल तर बांगडीचं काय काम? अन् बांगडीचं काम असंल, तर ती माझ्याच घरी काहून झोपली व्हती?"

मग ती पुतण्याकडे वळली. "तुझी याडी, ही माय तुझी, म्हातारी हाय, लेकराच्या मायेनं भिऊन राहिली. तू कशाला भिऊन राहिला? हिचा हात गेला तरी चालंल, पर तुला काही व्हायला नको. हेच ना?"

दवाखान्यात आईच्या मानासाठी आपण गप्प बसलो, अशी पेमाने स्वतःची समजूत घातली होती. आता ती टिकेना. आईचा मान, तांड्याची रीत, सगळं वरवरचं होतं. तळाशी एका धडधाकट पुरुषाची भीती बसली होती, आणि त्या भीतीपायी एक बाई आपला हात गमावत होती!

त्याने पहिल्यांदाच रूपाबाईला विचारलं, की तिचं काय म्हणणं आहे.

"तुमी मेले तर मला नावं ठेवतील," ती म्हणाली. "हात मेला तर कोणाला ठेवतील? काढा म्हणून मी दवाखान्यातच म्हणले असते. कोणी इचारलं न्हाई."

पेमाने सुताराकडून आरी आणली. बांगडीखाली फडकं सरकवून तो स्वतःच कापायला बसला. दाराशी माणसं जमली. तांड्याचा प्रमुख, नाईक धर्मसिंग, याने नीट विचार केलास का म्हणून विचारलं, पण अडवलं नाही. जिवनबाईने भिंतीकडे तोंड केलं. पहिली बांगडी तुटून पडली आणि पेमाचा हात थांबला.

"श्वास घे बापा," भिकाबाई म्हणाली. "जिता हायस."

पेमाने तिला पुन्हा हिंगोलीला नेलं. जखमा भरल्यावर तिथल्या डॉक्टरांनी रूपाबाईला रेल्वेने हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे खांदा उघडावा लागला. रिकाम्या खोबणीत चिवट मांस भरलं होतं, ते काढून हाड आत बसवलं. काहींचा खांदा बसवल्यावरही पुन्हा पुन्हा निसटतो. त्यांच्यासाठी खोबणीची फाटलेली कड शिवण्याचं वेगळं ऑपरेशन असतं. रूपाबाईला ती भीती नव्हती. तिचा खांदा उलट आखडला होता. बोटांत जाण परतली, पण हात खांद्याच्या उंचीपर्यंतच वर जातो. पहिल्याच खेपेला खांदा ओढून बसवला असता, तर बहुधा हात पूर्ण वर गेला असता.

भरलेली घागर उचलून डोक्यावर चढवणं तिला जमत नाही. पेमा पाणवठ्यावर जातो आणि घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवतो. बायकोचा हमाल झालास का, म्हणून तांड्यातल्या गुलाबसिंगने त्याला चारचौघांत डिवचलं.

"हिचा हात माझ्या भ्यानं गेला," पेमा म्हणाला. "आता माझा वापरील."

पुढे तांड्यातल्याच फुलसिंगच्या बायकोला हाताला विंचू चावला आणि चुड्याखाली दंड सुजू लागला. सगळे एकमेकांकडे पाहत असताना आरी मागितली ती जिवनबाईने.

वाचकहो, तांड्याला हसू नका. ज्या घरांत वर्तमानपत्र येतं, त्या घरांतही बाळंतीण अडली की आधी मुहूर्त आणि सासऱ्यांची परवानगी पाहिली जाते, आणि कण्हणाऱ्या बाईला विचारायचं राहून जातं. रीत बाईच्या अंगावर चढवताना तिच्या अंगाचं काय होतं, हे पाहणं हा माणुसकीचा पहिला नियम आहे. दुखणं ज्याचं, पहिला शब्द त्याचा. आणि तो शब्द वेळेत विचारला, तर पुष्कळदा चाकूची गरजच पडत नाही.