तीन ओळी

फोन आला तेव्हा मी मांडवाखाली वाकून द्राक्षवेलांची छाटणी करत होतो. पोंतेवेद्रा शहरातल्या इस्पितळातून होता. आदल्या दिवशी छातीत दुखतं म्हणून दाखल केलेली माझी बायको दोरिंदा गेली होती. मी ताठ उभा राहिलो आणि डोकं तारेवर आपटलं. आधी राग आला तो तारेचा.

मांडव तिच्या उंचीचा होता. वीस वर्षांपूर्वी तारा ओढताना ती म्हणाली होती, "मी स्टुलावर चढणार नाही. तू वाक." आमच्याकडे दगडी खांबांवर मांडव उंच ठेवतात, खालून समुद्राचा वारा खेळला पाहिजे म्हणून. नाहीतर धुकं पानांत बसतं आणि बुरशी धरते. आमचा मांडव बुटका असूनही टिकला, कारण दर आठवड्याला ती खालची पानं खुडायची. माझ्या हाताला ते जमत नाही.

तिचा भाऊ एलादिओ महिनाभरात मदतीला राहायला आला.

"दाजी, हा मांडव आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

"तुझ्याच बहिणीनं केलाय."

"ती होती तोवर ठीक. आता कोंब फुटायच्या आत तारा हातभर वर घ्या."

अकरापैकी आठ ओळी आम्ही दोघांनी वर घेतल्या. उरलेल्या तीन ओळींचे वेल दोरिंदानं इस्पितळात जायच्या आदल्या आठवड्यात तारेला बांधले होते, विलो झाडाच्या ओल्या, लवचिक फोकांनी. त्या गाठी कापल्याशिवाय तार उचलता येत नाही, खोडं चिरतात. मी कात्री खिशात घातली.

"उद्या करू," म्हटलं.

"तुमचा उद्या मला माहीत आहे," एलादिओ म्हणाला.

जूनमध्ये नऊ दिवस धुकं हललं नाही. बुरशी धरू नये म्हणून मी मोरचूद मारलं, त्यावर पाऊस पडला. पुन्हा मारलं, पुन्हा पाऊस. बुरशी त्या तीन ओळींत धरली आणि तिथून उरलेल्या आठांत गेली. सप्टेंबरात निम्म्याहून जास्त घड खाली टाकले.

"बुरशीची वाइन करा आता," एलादिओ म्हणाला. मग माझ्याबरोबर टोपल्या उचलू लागला.

पुन्हा फेब्रुवारी आलाय. सगळी छाटणी झाली. दोरिंदानं बांधलेले फोक वाळून कडक झालेत, गाठी मात्र सुटलेल्या नाहीत. एलादिओ रोज विचारतो, मी रोज त्याच्यावर खेकसतो. दोन आठवड्यांत कोंब फुटतील.

तीन ओळी अजून वर घ्यायच्या आहेत.