दिलदारनं सांगितलेलं उत्तर

शालूबाईंनी पाटीवरच्या दोन नावांमधली रेघ गडद केली आणि खडू खाली ठेवला. एका बाजूला जोतीराम, दुसऱ्या बाजूला पारव्वा. दोघांचीही सात उत्तरं बरोबर. पारव्वाचा प्रश्न एकच उरला होता, आणि शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात जागाही एकच.

जोतीरामचं उरकलं होतं. पोरगं चुणचुणीत. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारं, आणि चुकलं तरी असं ठणकावून चुकणारं की ऐकणाऱ्यालाच आपलं गणित तपासावंसं वाटावं. शेवटच्या प्रश्नाला त्यानं तसंच ठणकावून 'दहा' सांगितलं आणि ते चुकलं. पण त्याचा बाप पिराजी शाळा समितीवर होता. बरोबरी झाली तर जागा कुणाला जाणार हे शालूबाईंना ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं, आणि व्हरांड्यात विडी ओढत बसलेल्या पिराजीला तर कधीचंच ठाऊक होतं.

पारव्वाचा बाप गडहिंग्लजच्याही पलीकडून आलेला, गुळाच्या अडतीवर हमाल. घरात कानडी. शाळेत आल्यावर पहिल्या आठवड्यात पोरगी एकदा मराठीत काहीतरी बोलली, वर्ग हसला, तेव्हापासून तोंड बंद. पण गणितं बरोबर यायची. शेजारणीचं बघून लिहिते म्हणावं, तर शेजारणीचं चुकलेलं असायचं. आणि शालूबाईंचा स्वभाव असा, की कुठं जमा दिसली की ती नेमकी कुणाच्या खात्यावरची हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. म्हणून त्यांनी आज मध्ये दिलदारला बसवलं होतं. दिलदार शाळेचा शिपाई, गडहिंग्लजच्या बाजारात वाढलेला, कानडी सफाईनं बोलणारा. बाई मराठीत विचारणार, तो कानडीत सांगणार, पोरगी कानडीत बोलणार, तो मराठीत आणणार. इतके हात फिरलेलं दूध पातळ होतं हे बाईंना कळत होतं. दुसरी सोय सुचली नव्हती.

"शेवटचा सांग तिला. विहीर दहा हात खोल. बेडूक दिवसा तीन हात चढतो, रात्री दोन हात घसरतो. कितव्या दिवशी काठावर येईल?"

दिलदारनं हातवारे करत बेडूक चढवला, घसरवला. पारव्वा खिडकीबाहेर बघत राहिली. मग बरंच काही बोलली, मध्येच थांबली, मान हलवली.

"आठव्या दिवशी म्हणतीया," दिलदार म्हणाला.

शालूबाईंनी खडू उचलला. उत्तर बरोबर होतं.

"एवढं लांबलचक बोलली. ते सगळं आठच?"

"कानडीत आठ जरा लांब अस्तंय, बाई."

"म्या आठ म्हटलं न्हाई."

शालूबाईंनी आधी दाराकडं बघितलं. दारात कुणीच नव्हतं. मग त्यांनी पारव्वाकडं बघितलं.

"दहा वाटतंय, पर दहा न्हाई. म्हाईत न्हाई म्हटलं," पारव्वा म्हणाली. मराठीतच.

दिलदार टोपी काढून गुडघ्यावर झटकू लागला.

"दरसाल ह्योच बेडूक अस्तोय, बाई. दाराशी हुबा राहून राहून पाठ झालाय. पोरीचं भलं हुईल म्हटलं."

"आणि आधीची सात?"

"ती माझीच हाईत," पारव्वा म्हणाली.

"मराठी येतं, तर मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी मामास्नीच इचारतासा की."

शालूबाईंनी खडू बोटांत फिरवला. असला व्यवहार त्यांच्या बघण्यात नव्हता. दुसऱ्यानं ओंजळीत घातलेली जागा पोरीनं आपण होऊन परत केली होती, आणि ती परत करता आली म्हणजे दोन्हीकडचं बोलणं तिला अक्षर न् अक्षर कळत होतं. पण पाटीवर मांडायचं तर सात आणि सात. त्यांनी तिच्या नावापुढं शून्य काढलं.

"जा तू."

पारव्वा उठली. दारापाशी जाऊन थांबली. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या पेरांवरून सरकत होतं.

"बाई, मघाचं आलं."

"आता झालं ते. गप जा," दिलदार म्हणाला.

"आठच हाय. पर मामा म्हनत्यात म्हणून न्हाई. सात दिसांत सात हात. आठव्या दिशी तीन चढला की भाईर. भाईर आल्यावर घसरंल कशाला?"

उत्तर एकदाच घ्यायचं, हा नियम शालूबाईंनीच घातलेला होता.

"दिलदार," त्या म्हणाल्या, "जोतीरामला आत बोलाव. आणि तू भाईर बस."

जोतीराम आला. त्याच्या मागोमाग पिराजीही चौकटीत येऊन उभा राहिला. पारव्वा बाकावर परत येऊन बसली होती. तिनं सरकून जागा केली.

"दहा कसे आले रे?" शालूबाईंनी विचारलं.

कसे, असं जोतीरामला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं वळून बापाकडं बघितलं.

"आवो बाई," पिराजीनं घसा खाकरला, "त्येला म्हणायचंय की..."

"थांबा," शालूबाई म्हणाल्या. "पोराला इचारलंय. तुमास्नी न्हाई."