वखारीचं वळण

आत्माराम शिवलकरचा पाय सकाळपासून थांबत नव्हता. उजवा पाय. सत्तावीस वर्षं एसटीचा ब्रेक दाबलेला पाय तो, त्याला नुसतं उभं राहायची सवय कुठली. वखारीच्या वळणावर, सिमेंटच्या कठड्यामागे, अंगात नारिंगी डगला आणि काखेत दोन झेंड्यांच्या गुंडाळ्या घेऊन तो उभा होता आणि बुटाचं टोक जमिनीवर टपटप आपटत होता. जोडीला दिलेल्या विनीतने दोनदा त्या पायाकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

रत्नागिरीत मोटारींची शर्यत, तीही भर शहराच्या रस्त्यांवर, हे ऐकून अर्धं गाव हसलं होतं. इथे रिक्षा रिक्षाला धड ओलांडत नाही, आणि म्हणे शर्यत. पण आली खरी. बंदराजवळचे अडीच किलोमीटर रस्ते बंद झाले, दोन्ही बाजूंनी कठडे उभे राहिले, खड्डेसुद्धा बुजले, बोला आता. गाड्या म्हणाल तर एकाच माणसाने आत घुसून बसायच्या, जमिनीला घासतायत की काय असं वाटावं इतक्या बुटक्या. चालवणारी सगळी पोरं पंधरा ते अठरातली. त्यांतली चौदा नंबरची गाडी आत्मारामच्या राहीची.

आणि बाप वळणावर झेंडा घेऊन. आयोजकांना रस्ता ओळखणारी स्थानिक माणसं हवी होती, म्हणून एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरांना बोलावून त्यांनी दोन रविवार शिकवणी घेतली. पोरगी शर्यतीत आहे हे आत्मारामने लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मुख्य साहेबांना सांगून मोकळा झाला. साहेब म्हणाले, "काका, झेंडा सगळ्यांना सारखा. एवढं पाळाल ना?"

"होय तर," आत्माराम म्हणाला होता. त्यात न पाळण्यासारखं काय आहे, असंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

काम साधं होतं. विनीतने वळणापुढचा रस्ता बघायचा, आत्मारामने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. नुसता पिवळा झेंडा म्हणजे पुढे अपघात, तो हलवायचा. पिवळ्यावर तांबडे पट्टे असलेला म्हणजे रस्ता निसरडा, तो दोन्ही हातांनी ताणून धरायचा.

निसरड्याचं आत्मारामला कोणी शिकवायला नको होतं. एरवी या वळणावरून बंदरातले मासळीचे टेंपो जातात आणि बर्फाचं पाणी रस्ताभर सांडत जातात. राही लहान असताना त्याच्या एसटीत, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून यायची. इथे आलं की तो सांगायचा, "इथे पाय हलका ठेवायचा गो. मासळीचं पाणी असतं. दिसत नाही, पण असतं." पोरगी मान डोलवायची. आठव्या वर्षी तिला ते पाठ होतं.

काल संध्याकाळी अंगणात बुटांच्या नाड्या धुता धुता ती म्हणाली, "बाबा, वखारीच्या वळणावर तूच ना? मग तिथे मी डोकं चालवणारच नाही."

"एरवी चालवतेस वाटतं," तो म्हणाला, आणि आत तिची आई, मालन, हसली.

आज मालन प्रेक्षकांत होती आणि डोळे मिटून बसली असणार, यात त्याला शंका नव्हती. मोसमातली शेवटची शर्यत होती. पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी वरच्या गटात जागा, दुसऱ्याने आपलं घरी जायचं. सोळा फेऱ्यांतल्या दहा झाल्या होत्या. पुढे पुण्याचा अजिंक्य, त्याच्या शेपटीला राही. दर दीड मिनिटाला दोघं यायची, कानठळ्या बसवायची आणि जायची. प्रत्येक वेळी आत्मारामचा पाय जमिनीत ब्रेक शोधायचा.

अकराव्या फेरीनंतर त्याला वास आला. बांगड्याचा, ताजा. त्याने मान वळवली. मागच्या गल्लीत मासळीवाल्या बाबूचा टेंपो उभा होता. रस्ता बंद म्हणून बिचारा सकाळपासून अडकला होता आणि पेट्यांतला बर्फ वितळून चालला होता. मग बाबूने काय केलं, तर रोज करतो तेच. मागचं बूच काढलं, पाणी सोडून दिलं आणि चहाला गेला. ते पाणी उतारावरून आलं, कठड्याच्या फटीतून शिरलं आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला हातभर रुंद पसरलं. ऊन असं होतं की डांबर तसंही चमकत होतं. माहीत नसलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं.

आत्मारामला दिसलं. हात काखेतल्या पट्ट्यांच्या झेंड्याकडे गेला, आणि तिथेच राहिला.

अजिंक्यला हे पाणी माहीत नाही. राहीला माहीत आहे. तिच्या नाकात ते लहानपणापासून आहे. मी झेंडा धरला तर दोघंही जपून जातील आणि शर्यत आहे तिथेच संपेल. नाही धरला तर तो पोरगा थोडा घसरेल, एवढे कठडे आहेत, टायरांच्या थप्प्या आहेत, त्याला काय होतंय. एकच फेरी. मग धरतो.

असं त्याने मनात म्हटलं, आणि म्हणताना त्याला स्वतःची किळस आली, हेही खरं. सत्तावीस वर्षांत त्याच्या हातून एक शेळी मेली नव्हती. पण हात निघाला नाही. पाय मात्र थांबला होता.

"काका, सगळं ठीक?" विनीतने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"ठीक," आत्माराम म्हणाला.

गाड्यांचा आवाज बंदराच्या बाजूने चढत आला. अजिंक्य दिसला. मागे राही इतकी जवळ होती की तिला जागा देऊ नये म्हणून त्याने या वेळी नेहमीची बाहेरची वाट सोडून वळणाची आतली बाजू धरली. पार आतली, कोरडी. बाहेरची बाजू मोकळी राहिली. आणि चौदा नंबरची गाडी बाहेर निघाली, पाय जराही हलका न करता, सरळ त्या चमकत्या डांबरावर.

गाडीचं मागचं अंग फिरलं, मग सगळी गाडीच फिरली, आणि टायरांच्या थप्पीवर नाक आपटून ती त्याच्यापासून वीस पावलांवर थांबली. पुढचं चाक निखळून हेलकावत होतं. शिकवणीत शिकवलेलं त्याच्या हातांनी त्याला न विचारता केलं. पिवळा झेंडा बाहेर आला आणि हलू लागला. विनीत वायरलेसवर ओरडत होता.

राही बाहेर आली. स्वतःच्या पायांनी. हेल्मेट न काढताच तिने अंगठा वर केला. विनीतने त्याच्या हातातला झेंडा घेतला. "काका, तुम्ही तिला आत घ्या."

त्याने तिला दंडाला धरून कठड्यावरून आत घेतलं. तिने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"लागलं काय गो?"

"नाही." ती खाली बसली, बुटाच्या तळाला बोट लावून नाकाशी नेलं. "बांगडा."

विनीतने मान न वळवता विचारलं, "पाणी कधी आलं तिथे? साहेब विचारतायत. काका, तुम्हाला दिसलं नाही?"

आत्मारामने तोंड उघडलं. त्याच्या आधी राहीच बोलली.

"दिसलं असतं तर बाबाने झेंडा दाखवला नसता का? मला आधी वाटलंच होतं, दुपारची, टेंपो जायची वेळ आहे, पाय काढावा. मग म्हटलं, बाबा उभा आहे. झेंडा नाही म्हणजे कोरडं आहे." तिने वर पाहिलं. "आत्ताच सांडलं असेल. हो ना बाबा?"

हो म्हणायचं, की झालं. बाबू चहाच्या टपरीवर होता, विनीतची पाठ होती, आणि पोरगी स्वतःच उत्तर हातात देत होती. विनीत वायरलेसचं बटण दाबून थांबला होता.

"दिसलं होतं," आत्माराम म्हणाला. "फेरीभर आधी दिसलं होतं. तुला माहीत असेल, अजिंक्यला नसेल, म्हणून झेंडा नाही दाखवला."

विनीतने बटण सोडलं. राही बापाच्या तोंडाकडे बघत होती, पूर्वी बॉनेटवर बसून समोरच्या रस्त्याकडे बघायची तशी. मग तिची नजर खाली त्याच्या काखेकडे गेली. पट्ट्यांचा झेंडा अजून तिथेच होता, गुंडाळलेला.

बंदराच्या बाजूने उरलेल्या गाड्यांचा आवाज चढायला लागला.

"पाणी अजून आहे तिथे," ती म्हणाली. "आता तरी दाखव."

आत्मारामने झेंडा काढला. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. दोन्ही हातांनी ताणून तो कठड्याशी उभा राहिला. मागे राहीने हेल्मेट उचलल्याचा आवाज आला, मग गल्लीकडे जाणारी तिची पावलं. त्याला वळता येत नव्हतं. गाड्या समोरून येत होत्या, आणि झेंडा बघून एकेक जण पाय हलका करत होता.