टोपलीतल्या मक्याखालची लाल चोळी

मित्रांनो, मी एक जुनी लाल चोळी आहे. ग्वातेमालाच्या डोंगरात, इशील लोकांच्या गावात माझा जन्म झाला. आईनं कमरेला माग बांधून तीन महिने मला विणलं. मी तिच्या थोरल्या लेकीची, हासिंताची; माझी जोडीदारीण धाकट्या फेलिपाची. आमच्याकडे चोळीवरून बाईचं गाव ओळखतात. केवढा तोरा होता मला त्याचा! तोच जिवावर बेतला.

सरकारी सैन्य इशील गावं जाळत सुटलं, तेव्हा हासिंतानं इशील नसलेल्या परगावच्या दोन निळ्या चोळ्या आणल्या. फेलिपा फणकारली, "आईच्या हातची चोळी उतरवू? मी नाही बाई!"

"मग तुझी पोर तरी दे माझ्याकडे," हासिंता म्हणाली. तान्ह्या तोमासाला तिनं पाठीशी बांधलं आणि मला टोपलीत मक्याखाली दडवलं. गाव सोडून पळताना नाक्यावर शिपाई तोंडाकडे बघतही नव्हता.

"निळी? चल पुढं. लाल? बाजूला हो."

फेलिपा परत आली नाही. मी तीस वर्षं पेटीच्या तळाशी पडून राहिले. "तुझी आई गर्दीत चुकली," एवढंच हासिंता तोमासाला सांगायची.

मग ज्याच्या हुकमानं गावं जळली, त्या जनरलवर खटला उभा राहिला. माणसं मारली गेली हे सगळेच कबूल करत होते. भांडण एका शब्दाचं होतं. आरोपीचा वकील म्हणाला, "लढाईत माणसं मरतातच. इशील म्हणून कोणाला मारलं नाही. वंशसंहार कसला?"

हासिंता मला मुठीत घट्ट धरून साक्षीला उभी होती. समोर तोमासा बसलेली. खरं सांगावं तर पोर तुटेल, गप्प राहावं तर वकील जिंकेल. बोल गं बाई, बोल! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"मी चोळी बदलली," ती म्हणाली. "बहिणीनं नाही बदलली. तिला नाव विचारलं नाही, हत्यार आहे का तेही नाही. फक्त चोळी बघितली."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "निळ्या चोळीवाल्या किती सुटल्या?"

"सगळ्या."

"आणि लाल?"

"एकही नाही."

निकाल अजून लागायचा आहे. पण मित्रांनो, जुनं वस्त्र पेटीत जपाल, तेव्हा त्याची गोष्टही पेटीत कोंडू नका.

बाहेर आल्यावर हासिंता रडली. "तिला ओढून न्यायला हवं होतं गं मी." तोमासानं मला तिच्या मुठीतून सोडवलं. मग तिनं मला झटकलं आणि मावशीच्या डोक्यावरून घातलं.

"घट्ट होतेय का, मावशी? काढूया?"

"आईच्या हातची चोळी उतरवू?" हासिंता म्हणाली. "मी नाही बाई!"