बारावा नट

बारा बोल्ट, अकरा नट.

मी सतरंजीवर पुन्हा मोजलं. दिघीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत रोज सकाळी नऊ लहान मुलं येतात. आकडे शिकवण्याआधी मी त्यांना वेगवेगळं करायला शिकवते: लहान-मोठं, जाड-बारीक, सारखं सारख्याजवळ. सनाच्या अब्बांनी, रिझवानभाईंनी, हे नट-बोल्ट गॅरेजमधून घासूनपुसून आणून दिले होते. प्रत्येक बोल्टला त्याचा नट. आज सगळ्यांत छोटा बोल्ट एकटाच उरला होता. त्याचा नट पितळेचा, हरभऱ्याएवढा.

आणि साडेतीन वर्षांचा ओजस खोकत होता.

“सर्दी सकाळपास्नंच हाय त्याला,” माझ्या मदतीला असलेल्या कस्तुरामावशी म्हणाल्या. मग हळूच, “पण परवा खडू खाल्लाय ह्यानं, बाई.”

टॉर्च लावून त्याचं तोंड पाहिलं. काही दिसलं नाही.

“ओजस, नट खाल्लास का रे?”

त्यानं मान डोलावली.

“खडू खाल्लास?”

पुन्हा डोलावली.

“आणि हत्ती?”

“हो,” ओजस म्हणाला, आणि खोकला.

त्याच्या आईला, सलोनीला, फोन लावला. ती चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला. फोन गेटवरच जमा करावा लागतो. नुसताच वाजत राहिला.

“नट कुणी घेतला?” माझा आवाज सहसा चढत नाही. तो चढला. सना फ्रॉकची कड चावत बसली.

माझ्या ओठांवर नामजप होता, पण तो मधेच तुटत होता. मावशींनी रिक्षा आणली. ओजसला कडेवर घेऊन मी चपला शोधत होते, तेवढ्यात सनानं माझा पदर ओढला.

“बाई, मी घेतला नाही. ठेवला.”

“कुठं गं?”

“सारख्याजवळ.” मग खाली बघत, “तुम्ही रागवाल.”

“नाही रागावणार.”

तिनं हात पाठीमागे धरूनच हनुवटीनं देव्हाऱ्याकडे दाखवलं.

मुलं यायच्या आत माझा पूजेचा नेम आटोपलेला असतो. देवाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. निरांजन विझलेलं होतं. ताम्हणात, घंटीला टेकवून, तो नट. पितळेजवळ पितळ.

मी होते तिथंच बसले. ओजस माझ्या मांडीत खोकत होता, नुसता सर्दीचा खोकला.

“रिक्षावाल्याला काय सांगू?” मावशींनी विचारलं.

“चहा घेऊन जा म्हणावं.”

सनाचे डोळे भरले होते. मी आकार शिकवत होते, तिनं धातू ओळखला होता. बोलायची भीती मात्र माझ्या नियमानं घातली होती.

मी ताम्हण उचलून सतरंजीच्या मधोमध ठेवलं. मावशी बघतच राहिल्या.

“सना, ह्यातलं सारखं काय काय, लाव बघू.”

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग हात फ्रॉकला पुसून घंटी उचलली.